नववं मंगळसूत्र

आमच्या टीममध्ये मी कुणाला मधूनच बाहेर काढत नाही. मॅच सुरू होताना ज्या सहाजणी कोर्टात उतरतात, त्याच सहाजणी शेवटपर्यंत. पाय मुरगळू दे, दम लागू दे, सर्व्हिस सलग चार वेळा जाळ्यात जाऊ दे, बाकावरची बाकावरच. मंडळातले लोक तोंडावर म्हणतात, "जयू, तू कोच आहेस की दगड?" दगड तर दगड. चार वर्षं हेच ऐकतेय आणि चार वर्षं आम्ही हरतोय.

यंदा मात्र प्रसादने पिच्छा पुरवला. प्रसाद म्हणजे आमच्या मस्कतमधल्या मराठी मंडळाचा क्रीडा सचिव. एका कारखान्यात सेफ्टी बघतो, त्यामुळे त्याला चहाच्या कपातसुद्धा धोका दिसतो.

"टीम नव्याने बांधायचीय असं तूच मीटिंगमध्ये म्हणालीस," तो म्हणाला. "मग बांध ना! सेटर बदल. अनुसयाताई पन्नाशीला आल्या. इरा सतरा वर्षांची आहे. यात विचार करण्यासारखं आहे काय?"

"तुला व्हॉलीबॉलमधलं डोंबल कळतं का?" मी म्हणाले.

"नाही कळत. पण स्कोअर कळतो."

टीम नव्याने बांधायची होती हे खरंच होतं. कंपन्यांनी माणसं कमी केली, कोणी पुण्याला परत गेलं, कोणी कॅनडाला. पूर्वीच्या नऊजणींतल्या तिघीच उरल्या: स्मॅश मारणारी वैशाली, सेटर अनुसयाताई आणि गुडघे गेल्यामुळे नुसती बाकावर बसून ओरडणारी मी. बाकीच्या सगळ्या नव्या. आणि सेटर म्हणजे टीमचं डोकं. पहिला बॉल कुणीही उचलो, दुसरा तिच्याच हातात जातो आणि तिसरा कुणी मारायचा ते ती ठरवते. पंगतीत वाढणारी बाई असते ना, कुणाच्या पानात काय पडणार ते तिच्या हातात, अगदी तसं.

अनुसयाताईला काढणं सोपं नव्हतं. वीस वर्षं ओमानमध्ये काढून ती कायमची परत चालली होती. तिचे मिस्टर गणपतराव, त्यांचं काँट्रॅक्ट संपलं, मंगळवारचं विमान. त्याच्या आधीच्या शुक्रवारी रुस्ताकला फायनल. तिच्या आयुष्यातली शेवटची मॅच म्हणा ना. साताऱ्याला जाऊन ती कुणाबरोबर व्हॉलीबॉल खेळणार होती?

आणि इराला आत घेणं तर त्याहून अवघड होतं. इरा विद्याची मुलगी. विद्या आमची आधीची सेटर. आणि विद्या गेली ती माझ्यामुळे.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अश्विनला, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही.

*

आमच्या टीमची एक पद्धत आहे. अंगावर दागिना असला तर पंच कोर्टात सोडत नाही, म्हणून मॅचच्या आधी सगळ्याजणी मंगळसूत्र काढून एका डब्यात टाकतात. बटर कुकीजचा निळा पत्र्याचा गोल डबा, आत तळाला कागद. डबा माझ्याकडे. मॅच संपली की जिचं तिने उचलायचं, पण हूक मात्र सेटरने लावून द्यायचा, एकेकीच्या मागे उभं राहून. हे विद्याने सुरू केलं. म्हणायची, "तासभर तुम्हाला बॉल वाढला, आता हे शेवटचं." सेटरचा हूक मी लावायचे. विद्याच्या मानेवर डाव्या बाजूला एक तीळ होता, हूक बरोबर त्याच्यावर यायचा.

चार वर्षांपूर्वी रुस्ताकलाच मॅच होती. तिथली मल्याळी मंडळी दर डिसेंबरात स्पर्धा भरवतात. तेव्हा मी कोच होते आणि खेळतही होते. विद्या त्या दिवशी सगळे बॉल वैशालीला देत होती. मला एकही नाही. मी उडी मारायची, हात वर, आणि बॉल तिसरीकडेच. सलग पाच वेळा! आता माझ्या लक्षात येतं की माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते आणि तिला ते दिसलं होतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पंचाकडे वळून खूण केली आणि विद्याला बाहेर काढलं. अनुसयाताईला आत घेतलं.

"मला? का?" विद्याने विचारलं.

"दमलीस तू," मी म्हणाले. सगळ्यांसमोर. "आता नव्या माणसाला संधी देऊ या."

ती दमली नव्हती. त्या दिवशी कोर्टातल्या सहाजणींत सगळ्यात चांगली तीच खेळत होती. मला बॉल मिळत नव्हता म्हणून मी तिला काढलं. एवढंच कारण. एवढंसं.

ती बाकावर बसलीच नाही. बॅग उचलली, गाडीची किल्ली घेतली आणि सरळ निघाली. मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मॅच आम्ही जिंकलो. मग सगळ्यांनी आपापलं मंगळसूत्र उचललं आणि डब्यात एक उरलं, नववं. मी झाकण लावून टाकलं; बाकीच्यांना वाटलं, जाताना विद्याने आपलं नेलं असणार. म्हटलं, येईल उद्या मागायला, तेव्हा तिलाच बोलावं लागेल माझ्याशी. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

मग फोन आला. परतीच्या रस्त्यावर, नखल गावाच्या अलीकडे विद्याच्या गाडीचा टायर फुटला आणि गाडी उलटली.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये राकेशभावोजी उभे होते, विद्याचे मिस्टर. आणि भिंतीला टेकून एक पाकिस्तानी माणूस उकिडवा बसला होता. पाण्याचा निळा टँकर चालवायचा. त्यानेच विद्याला गाडीतून ओढून काढलं होतं, त्यानेच तिच्या मोबाइलवरून भावोजींना फोन केला होता. त्याच्या कमीजवर तिचं रक्त वाळलं होतं. जायला हवं होतं त्याने, पण गेला नव्हता. 'बाजी बच्ची का नाम ले रही थीं, इरा, इरा,' असं तो विद्याला बाजी, म्हणजे ताई, म्हणत येईल त्याला सांगत होता.

भावोजी आत जाऊन विद्याला बघून आले. बाहेर आले ते वेड्यासारखे. "तिच्या गळ्यात काही नाही! तिचं मंगळसूत्र कुठंय?" आणि मग त्यांची नजर त्या माणसावर गेली.

मी तिथेच होते. डबा माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होता.

तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य होतं: ती मंगळसूत्र न घेता का निघाली? आणि त्याच्या मागे तिसरं. भावोजींना मी आधीच सांगून बसले होते की तिचं डोकं दुखत होतं म्हणून ती लवकर निघाली. मी गप्प बसले. पोलिसांनी त्या माणसाला तीन वेळा बोलावून चौकशी केली. त्याच्याकडे काही सापडलं नाही, सोडून दिलं. पण भावोजींनी त्याला सगळ्यांदेखत चोर म्हटलं ते म्हटलंच. तो एवढंच म्हणाला होता, "अल्लाह जानता है, साब." ते म्हणताना तो माझ्याकडे बघत होता, असं मला आजही वाटतं. बघत नसेलही.

नंतर ते परत करायचं कसं? पोस्टाने पाठवू? गुपचूप त्यांच्या दारात ठेवू? घरी कपाटात ठेवलं तर अश्विन विचारणार. म्हणून ते डब्यातच राहिलं, कागदाच्या खाली. दर मॅचला नव्या मुलींची मंगळसूत्रं त्या कागदावर पडायची आणि तळाचं ते वाजायचं. मलाच ऐकू यायचं. रस्त्यावर पुढे निळा टँकर दिसला की मी गाडी हळू करते आणि मागेच राहते. अश्विन म्हणतो, "अगं, ओव्हरटेक कर ना! यल्ला, चल!" मी करत नाही. काचेतून ड्रायव्हरचा चेहरा दिसेल अशी भीती वाटते.

आणि मी पुन्हा कुणालाही काढलं नाही. पंचाकडे बघून ती खूण करायला माझे हातच उचलत नाहीत.

*

इरा सप्टेंबरमध्ये स्वतःहून आली. अल हैलला आमची प्रॅक्टिस असते, तिचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. हॉलच्या दारात उभी राहून म्हणाली, "जयूमावशी, मी ट्राय करू शकते का? मी स्कूल टीमची सेटर आहे." मराठी बोलताना ती प्रत्येक शब्द उचलून, बघून खाली ठेवल्यासारखी बोलते. तेरा वर्षांची होती आई गेली तेव्हा. उंची राकेशभावोजींची, हात मात्र सगळे विद्याचे. लांब बोटं, आणि बॉल सुटताना मनगटाला तोच एक झटका. बाकीच्या मुली खूश झाल्या. मी मात्र तिच्या हातांकडे बघायचं टाळलं.

त्यात ती भाज्या बोलायची. भाज्या म्हणजे आमची कोर्टातली भाषा, तीही विद्याचीच. समोरच्या मल्याळी आणि गोव्याच्या टीमना कळू नये म्हणून तिने नावं पाडली होती. उंच बॉल कडेला म्हणजे भोपळा. मधोमध झटपट म्हणजे कांदा. सेटरने न बघता डोक्यावरून पाठीमागे टाकायचा म्हणजे वांगं. हे वांगं विद्यासारखं कुणाला जमलं नाही. अनुसयाताई तर टाकतच नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी वहीत काहीतरी लिहीत होते आणि कोर्टातून आवाज आला, "वांगं!"

वही हातातून पडली. तो विद्याचा आवाज होता. शब्द ओढायची तीच पद्धत.

"ही आई किचनमध्ये पण बोलायची," इरा नंतर हसत म्हणाली. "मला बाकी मराठी येत नाही, पण भाज्या येतात."

त्या दिवसापासून मी तिला बाकावर बसवलं. "शिक आधी," म्हटलं. प्रसादने विचारलं की अनुभवाला मान द्यायला हवा असं सांगायचे. वैशालीने विचारलं की पोरगी लहान आहे असं. साखळीतल्या मॅच आम्ही कशाबशा जिंकलो, त्याही अनुसयाताईच्या डोक्यामुळे. तिच्या पायांत काही उरलं नव्हतं, पण समोरच्या टीममधली कोण कंटाळलीय, कुणाचं सासूशी वाजलंय, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं आणि ती बरोबर तिथेच बॉल पाडायला लावायची.

"माझं ऐक," ती एकदा मोजे काढता काढता म्हणाली. "पोरीला खेळव. माझ्यासाठी थांबू नकोस."

"तू जाईपर्यंत तूच, ताई."

तिने मोज्यांची गुंडाळी बॅगेत टाकली. "हे माझ्यासाठी करतेयस का गं तू?" एवढंच म्हणाली आणि चपला घालून गेली.

*

शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही अझैब्याहून, आमच्या घरून निघालो आणि वाटेत अल हैलला इराला घेतलं. अश्विन गाडी चालवत होता, मी पुढे, मागे इरा. भावोजी त्या रस्त्याने चार वर्षांत गेले नव्हते. "बघतो, जमलं तर येतो," असं त्यांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. बरका सोडून आत वळलो आणि डोंगर जवळ यायला लागले. मी डोळे मिटून घेतले. दरवेळी घेते.

"मावशी, इथेच ना?" मागून इरा म्हणाली.

"हो बाळा."

तिने काच थोडी खाली केली. मग म्हणाली, "बाबा सांगतात, आईचं डोकं दुखत होतं म्हणून ती लवकर निघाली. मग तुम्ही तिला एकटीला का जाऊ दिलं?"

रागाने नाही विचारलं तिने. खरंच जाणून घ्यायचं होतं. अश्विनने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"ऐकलंच नाही तिने," मी म्हणाले.

झालं. आणखी एक खोटं. बॅगेतला डबा माझ्या पायाशी होता, गाडी गतिरोधकावरून गेली आणि तो वाजला.

हॉलमध्ये गेल्यावर सगळ्यांनी मंगळसूत्रं काढली. अनुसयाताईचं टपोऱ्या काळ्या मण्यांचं, वैशालीचं दोन वाट्यांचं, नव्या मुलींची बारीक, ऑफिसात घालायची. इराचं लग्नच झालेलं नाही, तिने गळ्यातली नाजूक साखळी काढली आणि हात डब्यावर धरला. "मी पण टाकू?"

"टाक," म्हणाले. साखळी कागदावर पडली. त्या कागदाखाली तिची आई होती असंच मला वाटलं, आणि मी घाईने झाकण लावलं.

पहिला सेट आम्ही घेतला, पंचवीस-तेवीस. सगळा अनुसयाताईचा. समोरची त्यांची उंच मुलगी रडकुंडीला आली होती. पण दुसऱ्या सेटमध्ये ताईचा गुडघा संपला. बॉलखाली पोचतच नव्हती. तिने दिलेले बॉल जाळ्याच्या खाली यायचे आणि वैशाली नुसती हवेत हात मारायची. पंचवीस-चौदा हरलो. तिसरा सेट पंधराचा. चार-आठ झाले आणि बाजू बदलली.

प्रसाद मागून ओरडला, "जयू! काहीतरी कर!"

बाकावर इरा गुडघ्यांवर कोपरं टेकून बसली होती. माझ्याकडे बघतही नव्हती, बॉलकडे बघत होती. ताई समोरून लंगडत गेली. आणि मला एकदम स्वतःची भयंकर चीड आली. विद्याला काढलं ते माझ्या रागापायी, आणि नाव दिलं नव्या माणसाला संधीचं. आज ताईला ठेवलंय ते माझ्या भीतीपायी, आणि नाव देतेय अनुभवाला मान द्यायचं. दोन्ही वेळा टीमचा विचार कुठे होता? त्या दोघी तरी कुठे होत्या? सगळीकडे मी आणि मीच. ताईची शेवटची मॅच, आणि मी तिला सगळ्यांसमोर लंगडत फिरवत होते, का, तर माझे हात उचलत नाहीत म्हणून!

उचलले. पंचाकडे बघून दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले. त्याला कळलं नाही म्हणून पुन्हा फिरवले.

इरा उठली. रेषेपाशी दोघींनी तळव्यावर तळवा मारला, ताई तिच्या कानात काहीतरी बोलली आणि बाहेर आली. बाकाकडे आली नाही. सरळ दाराकडे चालायला लागली. तिची बॅग दाराशी होती.

मी उभी राहिले. "ताई!" असं मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या टीमची सर्व्हिस थांबली आणि पंचाने माझ्याकडे डोळे वटारले.

ताईने बॅगेतून दुखण्यावरचा स्प्रे काढला. गुडघ्यावर मारला. मग हळूहळू परत आली आणि माझ्या शेजारी बसली.

"घाबरलीस?" तिने विचारलं. "मी कुठे जात नाही गं. इथेच बसणारेय."

मला रडू फुटलं. भर मॅचमध्ये, कोच असून. तोंडावर टॉवेल धरला.

"रड," ती म्हणाली. "आणि मग त्या डब्याच्या तळाशी आहे ते बाहेर काढ."

टॉवेल खाली आला. कोर्टात इराने पहिला भोपळा टाकला होता, वैशालीने तो दणकून मारला आणि सगळा हॉल ओरडला.

"तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी मी शेवटची होते. माझं उचललं तेव्हा डब्यात आणखी एक होतं. तिचं मी ओळखणार नाही का?"

"मग चार वर्षं बोलली का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने बोलू? मी तिच्या जागेवर उतरले होते. खूश होऊन उतरले होते, जयू. सहा महिने बाकावर बसून तिच्या जागेची वाट बघत होते. ती दारातून बाहेर गेली ते मी पाहिलं आणि मनात म्हटलं, बरं झालं." ताईने गुडघा चोळला. "मंगळवारी मी जाणार. मग हे माहीत असलेली तू एकटी. वेड लागेल तुला."

आठ-दहा. दहा-अकरा. मी बघत होते आणि दिसत काहीच नव्हतं. हॉलच्या वरच्या पायऱ्यांवर राकेशभावोजी येऊन उभे राहिले होते, ते तेवढे दिसले. आले होते त्या रस्त्याने.

तेरा-चौदा असताना बॉल इराकडे आला. समोरच्या तिघीजणी भोपळ्यासाठी कडेला धावल्या. मला कळलं ती काय करणार. ती ओरडली, "वांगं!" आणि न बघता डोक्यावरून पाठीमागे टाकला. अगदी हवा तसा, हवा तिथे. वर भावोजींनी डोळ्यांवर हात घेतला. वैशालीने उडी मारली, मारला, आणि बॉल रेषेच्या बोटभर बाहेर पडला.

हरलो. खलास. वैशाली जमिनीवर बसून स्वतःला शिव्या द्यायला लागली. इराने तिला हात देऊन उठवलं.

*

मॅच संपल्यावर मी डबा उघडला आणि बाकावर ठेवला. मुली गोळा व्हायच्या आत कागदाचं एक टोक धरलं आणि कागद उपसून काढला.

"हूक कोण लावणार?" नव्यांपैकी कोणीतरी विचारलं.

"शेवटी जी सेटर होती ती," अनुसयाताई म्हणाली आणि इराला पुढे केलं. "माझा पण तूच लाव."

इराने एकेकीच्या मागे उभं राहून हूक लावले. ताईचा लावला, वैशालीचा लावला. मग स्वतःची साखळी गळ्यात घातली, ती ताईने लावली. भावोजी पायऱ्या उतरून येऊन उभे होते, हसायचा प्रयत्न करत होते. इराने डब्यात पाहिलं, हात घातला आणि उरलेलं मंगळसूत्र बाहेर काढलं. मण्यांवर धूळ बसली होती.

"हे कोणाचं? मावशी, हे कोणाला लावू?"

भावोजींचं हसू गेलं. त्यांनी ते लांबूनच ओळखलं होतं.

"तुझ्या आईचं आहे," मी म्हणाले. "तिचं डोकं दुखत नव्हतं, इरा. मी तिला मॅचमधून काढलं. ती चांगली खेळत होती, तरी काढलं. मला बॉल देत नव्हती म्हणून. ती चिडून निघून गेली, हे न घेता. तेव्हापासून ते माझ्याकडे आहे."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. छे! इराने ते मुठीत घट्ट धरलं आणि वडिलांकडे बघितलं. तिचं मराठी संपलं होतं, इंग्रजीही संपलं होतं.

भावोजी माझ्यापाशी आले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी त्या माणसाला चोर म्हटलं तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "त्याच्या अंगावर तिचं रक्त होतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता तो, रस्त्यावर, अँब्युलन्स येईपर्यंत. आणि मी त्याला तीनदा पोलिसांकडे जायला लावलं. आणि तू त्या दिवसांत आमच्या घरी चहाचा थर्मास घेऊन यायचीस."

"हो."

"माझी माफी मागू नकोस. मला नकोय ती." त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बराच वेळ खाली सरकवत राहिले. "त्याने तेव्हा मला स्वतःचा नंबर दिला होता. काही लागलं तर फोन करा म्हणाला होता. मी पुसून टाकला नाही. का नाही पुसला माहीत नाही." त्यांनी बटण दाबलं आणि फोन माझ्या हातात दिला. "तू सांग त्याला."

रिंग वाजायला लागली. नको लागायला, मी मनात म्हणत होते. नंबर बदललेला असू दे. गावी गेलेला असू दे. इरा माझ्यासमोर उभी होती, मुठीतून काळे मणी बाहेर लोंबत होते. अनुसयाताईने माझा दंड धरला होता.

पाचव्या रिंगला फोन उचलला गेला. मागे मोठ्या गाडीचं इंजिन घरघरत होतं. त्याने ते बंद केलं. त्याच्याकडेही भावोजींचा नंबर असणार, कारण मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

"राकेश साब? सलाम आलेकुम. खैरियत तो है? इरा बच्ची कैसी है?"

"अच्छी है," मी म्हणाले. "यहीं खडी है. आज मॅच खेली." माझा आवाज ऐकून त्याने विचारलं, "आप कौन?" मग मी त्याला माझं नाव सांगितलं आणि त्या दिवशी डबा कुठे होता ते सांगायला सुरुवात केली.